मंगळवारी बंद पडणारी गाडी

नील, तन्वी,

दोन भाग बदलूनही तुमची गाडी मधेच बंद पडते आणि गॅरेजवाला आता तिसरा बदलायला सांगतो आहे, असं तुमच्या बाबांनी कळवलं. आमच्या धुळ्याचे भिका नाना असते, तर मी त्यांनाच फोन जोडून दिला असता. ते गेल्या महिन्यात वारले. म्हणून लिहिते.

नाना गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. साक्री रोडला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी समोर आली की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. बॉनेट उघडायचं नावच नाही. "गाडी कवय बंद पडस ते तुम्ही सांगा, काब्र बंद पडस ते मी दखसू." म्हणजे, कधी ते तुम्ही सांगायचं, का ते मी बघतो. शिंदखेड्याकडची ही अहिराणी शहरात जन्म काढूनही त्यांनी सोडली नव्हती.

मी त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा तुमच्या आजोबांचं डायलिसिस सुरू होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. गाडी मी चालवायचे. ती रस्त्यात एकदम गप्प व्हायची आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप. आता गाडीचा कंप्यूटर बदला म्हणत होते. पुन्हा एकदा रस्त्यात अडकलो तेव्हा आजोबा म्हणाले, "पुरे झालं. मी आता जाणार नाही." ते हट्टाने नाही, थकून बोलले. मला भीती वाटली ती त्याची.

नाना म्हणाले, महिनाभर आबांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, रिक्षाने न्या, गाडी रोज त्याच वेळी एकट्या फिरवा आणि लिहून ठेवा. हे काम माझ्या स्वभावाचं. वार, वेळ, रस्ता, पंखा चालू की बंद, सगळं लिहिलं. महिन्याने आजोबांनाही घेऊन दुकानात गेले.

नानांनी पानं उलटली. "अक्का, हाई बठ्ठा मंगळवार शेतस. सोमवारे काय करतस?" म्हणजे, गाडी बंद पडलेले सगळे दिवस मंगळवारच होते.

"गाडी धुते. बॉनेटखालीसुद्धा, नळी लावून," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

आजोबा म्हणाले, "नाना, हिनं मलाही जन्मभर असंच धुऊन-पुसून ठेवलंय."

"तवय तं आबा, तुम्हीबी मंगळवारे दवाखानामा जातस!"

आजोबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

मी चूक कबूल केली, पण नानांना कबुली पुरेशी नव्हती. दोन सोमवार त्यांनी मला गाडी धुऊ दिली नाही. गाडी थांबली नाही. तिसऱ्या सोमवारी मुद्दाम धुवायला लावली. मंगळवारी ती त्यांच्या दारातच बंद पडली, आणि मग नानांनी पाठीमागचे हात सोडले. वायरींचा एक जोड उघडून दाखवला. आत हिरवा गंज आणि पाण्याचा थेंब. "जठे दुखस, तठेच हात लावा." गंजलेली टोकं कापून त्यांनी नवा जोड घातला, वर रबराची टोपी बसवली. बाकी कशाला हात लावला नाही. आधी काढून टाकलेले बॅटरी आणि पंप दोन्ही धडधाकट होते.

त्या गुरुवारी आजोबा आपणहून गाडीत येऊन बसले. पुढची तीन वर्षं त्यांची एकही फेरी चुकली नाही.

आता आबा नाहीत, नानाही नाहीत. तो जोड आहे. आज सकाळी मी त्याच गाडीने भाजी आणली.