काळ्या कागदावरची फीत

तिच्याकडे येणारी माणसं कधी अख्खी येत नसत. कुणाच्या यकृताचा डाळीएवढा तुकडा, कुणाच्या पाठीवरची चामखीळ, कुणाच्या जठराचा तिळभर कण. मेणाच्या वडीत बसवलेले, कडेला नंबर घातलेले. ती वडी यंत्राला लावायची, चाक फिरवायची, आणि पात्यावरून केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ पापुद्रा उतरायचा. त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, अशी फीतच तयार व्हायची. ती फीत कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर उचलून घ्यायची. एक शिंक आली की सकाळभराची मेहनत हवेत. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही. सगळं रुग्णालय तिला पापुद्रेताई म्हणायचं आणि तीही बिनदिक्कत ओ द्यायची.

मुळात ती शिवणकामाची. अकरा वर्षं एका दुकानात तिने नुसत्या कॉलर शिवल्या. दुकान बंद पडलं तेव्हा रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत चादरींना टिपा मारायला लागली. प्रयोगशाळेतले जुने कापणीकाका एकदा कोटाचं बटण लावून घ्यायला आले, आणि तिने चष्मा न लावता पहिल्या झटक्यात सुई ओवलेली बघून दारातच थबकले. त्यांचे स्वतःचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. "हा हात चादरींवर वाया चाललाय," म्हणाले. पहिली दोन वर्षं तिने प्रयोगशाळेत फक्त काचसामान धुतलं. मग काका शिकवत गेले, ती वड्या कापत गेली, आणि अडतिसाव्या वर्षी निम्म्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून तिने परीक्षा दिली. पास झाली. त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

दुकानातली एक सवय मात्र सुटली नव्हती. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधी वहीला टाचून ठेवायची पद्धत होती. उद्या कुणी म्हणालं हे कापड माझं नाही, तर वही उघडून दाखवायची. तशीच ती प्रत्येक वडीच्या फितीचा पहिला भाग, पाण्याला न लावता, काळ्या कागदाच्या पट्टीवर ठेवायची, नंबर लिहायची, आणि पट्टी पुठ्ठ्याच्या खोक्यात सरकवायची. रिपोर्ट गेल्यावर महिन्याने टाकून द्यायची.

दोन महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी ती खोकी बघितली. मोठे डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, नव्याने आलेले, शिस्तीचे. "हा काय कचरा साठवलाय? प्रयोगशाळा आहे की भंगाराचं दुकान?" खोकी त्यांच्या नजरेआड गेली. टाकली मात्र नव्हती. रोज काम संपलं की ती आपल्या पूर्वीच्या, चादरींच्या खोलीतल्या कपाटात ठेवून यायची. तिथली बाई तिची जुनी मैत्रीण. "ठेव गं, चादरी काही बोलत नाहीत," म्हणाली होती.

मंगळवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. टेबलावर एक काच होती.

"एकशे बारा नंबर. फॉर्मवर काय लिहिलंय?"

"अन्ननलिका, खालचा भाग."

"आणि काचेवर काय आहे? आतडं. सरळसरळ आतड्याचं अस्तर. अन्ननलिकेला आत चपट्या पेशींचे थर असतात, एकावर एक, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे एक थर दिसत नाही. उंच पेशी, मध्ये मध्ये चिकट पाण्याने भरलेल्या पेल्यांसारख्या पेशी. आणि एकशे अकरा नंबर काय होता?"

"लहान आतडं. दुसऱ्या पेशंटचं."

"झालं तर मग. एक तर तुम्ही वड्या बदलल्यात, नाहीतर आधीच्या फितीचा तुकडा पाण्यात राहिला आणि या काचेवर चढला."

"मी दोन वड्यांच्या मध्ये पाणी पुसते, सर. दर वेळी. पाण्यावरून कागद फिरवते."

"दर वेळी!" ते हसले नाहीत. "मीही तपासलंय. असा बदल अन्ननलिकेत होतो, तो मला माहीत आहे, पण त्या माणसाला वर्षानुवर्षं आम्लाची जळजळ असावी लागते. यानं 'जळजळ नाही' असं लिहून दिलंय. दुर्बीण घालणाऱ्यांनीही काही खास दिसलं नाही म्हटलंय. बाई, एकाचा रोग दुसऱ्याच्या गळ्यात गेला तर उत्तर मी देणार. उद्या दुपारपर्यंत रजिस्टरमध्ये अदलाबदल झाली म्हणून सही करा. पेशंटला परत बोलावू. आणि एक तारखेपासून तुम्ही काचसामान बघा. वडी माझ्याकडे राहील."

ती दारापर्यंत गेली, आणि वळली. "सर, चूक असेल तर मी सही करीन. पण आधी ती चूक मला दिसली पाहिजे."

"तुम्हाला दिसायला तुम्ही डॉक्टर आहात का?"

तिने दार हळूच लावून घेतलं. खोलीत कुणीतरी फीत उचलत असेल, ही सवय.

दुपारी खिडकीशी एकशे बारा नंबर स्वतःच येऊन उभा राहिला. साठीचा, नीट भांग पाडलेला, नखं स्वच्छ. न्हावी. चौकात दुकान.

"रिपोर्ट झाला का हो, ताई?"

"उद्या. कदाचित परत दुर्बीण घालावी लागेल, काका."

"छे, छे!" त्यानं दोन्ही हात वर केले. "ती नळी एकदा घशात गेली तेवढं पुरे. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवताना मी इतका घाबरत नाही. परत म्हणाल तर मी आलोच नाही समजा. तसाही मी ठणठणीत आहे. ते आमच्या मुलीनं गिळताना अडकतंय म्हणून ओढत आणलं."

"छातीत जळजळ?"

"नाही. डॉक्टरांनी पण विचारलं. अजिबात नाही." तो खिडकीच्या कठड्यावर झुकला. "आडवं झालं तर होते. पण मी आडवा होतच नाही ना! पंधरा वर्षं झाली. दुपारी दुकानातल्या खुर्चीत, रात्री तीन उशा लावून. बायको म्हणते, तुम्ही झोपत नाही, नुसते बसायची जागा बदलता."

त्याला स्वतःचाच विनोद फार आवडला. ती मात्र हसायची विसरली. पंधरा वर्षं हा माणूस दुखणं चुकवत बसून राहिला, म्हणून फॉर्मवर दुखणंच उरलं नाही.

"काका, हेच डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं जळजळ होते का. कसा झोपता असं कुठे विचारलं?"

ती उठून तडक धाकट्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. ही पोर सहा महिन्यांपूर्वी आलेली, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी, आणि काही समजावून सांगायचं झालं की हातवारे करणारी. सगळं ऐकून तिने खुर्ची जवळ ओढली.

"पंधरा वर्षं? ताई, मग हे अगदी शक्य आहे. बसून झोपलं की जळजळ कळत नाही, पण आम्ल थोडं थोडं वर येतच राहतं. असं बघा, आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. तिच्याजवळ सगळं पुस्तक असतं. पुढे त्वचा होणारी पेशी एक पान उघडून बसते, आतड्याची दुसरं. बाकीची पानं फाडत नाहीत, फक्त मिटून ठेवतात. आता अन्ननलिकेवर रोज आम्ल सांडलं, जखमा झाल्या, भरल्या, परत झाल्या, तर तिथे नव्याने येणाऱ्या पेशी चपट्या व्हायच्याऐवजी आम्ल सोसणारं पान उघडतात. आतड्यासारख्या होतात."

"म्हणजे वेष बदलतात?"

"वेष नाही. खरंच बदलतात. काम करायला लागतात त्याप्रमाणे. हा कर्करोग नाही. पण पुढे त्या वाटेला लागू शकतात, म्हणून लक्ष ठेवायचं, औषध द्यायचं."

पापुद्रेताईनं स्वतःच्या डाव्या तर्जनीकडे बघितलं. तिथे पात्याची जुनी खूण होती. ती जखम भरताना तिनं रोज पाहिली होती, कडेची कातडी आत सरकत कशी येते ते. काकांनी तेव्हा सांगितलं होतं, कडेच्या पेशी आपलं नेहमीचं काम टाकून, चपट्या होऊन, रांगत मध्ये जातात आणि भेटल्या की परत मूळच्यासारख्या होतात. त्या परतल्या होत्या. न्हाव्याच्या परतल्या नव्हत्या. त्यांना रोज तेच सोसावं लागत होतं.

"पण सिद्ध कसं करायचं?" ती म्हणाली.

"सीमा दिसली पाहिजे. एकाच तुकड्यात एका बाजूला जुने चपटे थर आणि त्यालाच लागून हे नवे. आतड्यात चपटे थर कधीच नसतात. पण या काचेवर सीमा नाही, आणि वडी सरांच्या कपाटात."

"फितीचा पहिला भाग माझ्याकडे आहे. त्याला पाणी लागलेलंच नाही."

डॉक्टरीणबाईंचे हातवारे थांबले. "कुठे?"

"चादरींच्या खोलीत."

पण चादरींच्या खोलीला कुलूप होतं. मैत्रीण भाचीच्या बाळाला बघायला गेली होती, सकाळी येणार होती.

संध्याकाळी घरी नणंदेनं तिचा चेहरा बघून पातेलं खाली ठेवलं. नणंद बालवाडीत शिकवायची, आणि मोठ्यांशीही तशीच बोलायची.

"काय झालं? सांग पटकन."

तिनं सांगितलं.

"मग कर ना सही. काचसामान धुवायचं तर धू. डोळ्यांना विसावा मिळेल. घरी तरी सुई ओवून देशील मला."

"तो न्हावी परत नळी घालून घेणार नाही, वन्सं. मी सही केली की त्याचा रिपोर्ट कोरा राहील."

"आणि तू?"

"मी कापणारी आहे."

नणंदेनं पातेलं पुन्हा उचललं. "बरं. मग सकाळी डबा मी भरते. तू लवकर नीघ."

सकाळी सात वाजता ती कुलपापाशी उभी होती. मैत्रीण जिना चढत आली, किल्ली आधी आणि प्रश्न नंतर. कपाटातून खोकं निघालं. एकशे बारा. काळ्या कागदावर सहा पापुद्र्यांची फीत, मेणाची, जवळजवळ अदृश्य. ज्या भागात सीमा नव्हती तो भाग काचेवर गेला होता. त्याच्या आधीचा हा. यातही नसेल, तर संपलं.

नव्या स्वच्छ भांड्यात नवं पाणी घेतलं. डॉक्टरीणबाई शेजारी उभी राहिली, साक्षीला. पहिले तीन पापुद्रे तिनं ब्रशच्या टोकानं सोडले. ते पसरले, सुरकुती गेली. काच तिरकी खाली घालून उचलली. मग मेण वितळवणं, धुणं, रंग. चिकट पेल्यांसाठी निळा. बोट हललं नाही.

काच मायक्रोस्कोपखाली गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळा लावला, काच सरकवली, परत सरकवली. बराच वेळ. मग बाजूला झाली. "तुम्हीच बघा."

डावीकडे चपट्या पेशींचे थर, विटा नीट रचल्यासारखे. मग काहीही न तुटता, त्याच कडेनं पुढे, उंच पेशींची रांग आणि तिच्यात निळे पेले, एक, दोन, पाच. मधे फट नव्हती. एकच तुकडा. कुठून एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, तिथे बोट ठेवता आलं असतं.

मोठे डॉक्टर आले तेव्हा काच जागेवरच होती. त्यांनी वाकून बघितलं. नंबर बघितला, काळी पट्टी बघितली, उरलेले तीन पापुद्रे बघितले.

"हे पाण्याला लागलं नव्हतं?"

"नाही, सर."

"तुम्ही खोकी टाकली नव्हती."

"नाही, सर."

ते पुन्हा वाकले. "पण त्यानं जळजळ नाही म्हटलं होतं."

"तो पंधरा वर्षं बसून झोपतो, सर. विचारा त्याला."

मोठे डॉक्टर खुर्चीत टेकले. चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले. "मी एक तारखेचं बोललो होतो, ते सोडून द्या. तुम्ही कापा."

"कापते." ती हलली नाही. "रजिस्टरमध्ये लिहून द्या, सर. अदलाबदल झालेली नाही. तुमच्या हातानं."

डॉक्टरीणबाईंनी छताकडे बघितलं. मोठ्या डॉक्टरांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, दोन ओळी, सही, तारीख. मग पेन तसंच धरून म्हणाले, "खोकी इथेच ठेवत जा. त्या कपाटात. नंबरवारीनं."

दुपारी न्हावी आला. मोठ्या डॉक्टरांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही झोपता कसे?" आतून त्याचं सविस्तर उत्तर ऐकू येत राहिलं, तीन उशा, दुकानातली खुर्ची, बायकोचा टोमणा, सगळं. औषध सुरू होणार होतं, आणि वर्षानं पुन्हा दुर्बीण. येईल का तो? बाहेर पडताना खिडकीशी थांबला.

"एवढासा तुकडा, ताई. त्यात माझी खुर्चीतली झोप कशी दिसली हो तुम्हाला?"

"दिसली खरी. वर्षानं याल ना?"

"तुम्ही कापणार असाल तर येतो."

तिनं मान हलवली, पुढची वडी यंत्राला लावली, आणि चाकावर हात ठेवण्याआधी त्याला हातानंच गप्प राहायची खूण केली.