रीस्टार्ट केलं की यंत्र मुकं

मंडळी, आज डोकं चक्रावलंय.

उमरेडच्या खाणीसाठी आम्ही विषारी गॅस साचला की वाजणारा भोंगा बनवतोय. यंत्राचे प्रोग्राम साठवायला मोठी फ्लॅश चिप आहे; ती चालवणारा, कर्नेलमधला म्हणजे मूळ प्रणालीतला ड्रायव्हर प्रोग्राम मी लिहिलाय.

सकाळी खाणीतून, तिथे यंत्र तपासणाऱ्या वासनिकभाऊंचा फोन आला. "ताई, बंद-चालू केलं तं चालते. रीस्टार्ट केलं तं मुकंच. काहून?"

दुपारी कळलं. मोठ्या चिपमधली माहिती शोधायला माझा ड्रायव्हर तिला लांब पत्त्यांची सवय लावतो, पण यंत्र सुरू करणारा प्रोग्राम जुने छोटे पत्तेच मागतो. वीज बंद केली की चिप ती सवय विसरते, नुसत्या रीस्टार्टने विसरत नाही. रीस्टार्टसाठी बंद होताना ड्रायव्हरने चिप पूर्ववत करावी, असं लिहिलं. चाललं!

पण ड्रायव्हरच अडकून यंत्र आपोआप रीस्टार्ट झालं तर? चिप पूर्ववत होणार नाही, आणि खाली गॅस साचला तरी भोंगा मुकाच. लगेच फोन लावला.

"भाऊ, उद्या यंत्र खाणीत खाली नेऊ नका."

"साहेब चिडतीन ना वं ताई!"

"चिडू द्या."

अडकलेल्या ड्रायव्हरचं काम करायचं कोणी? तुम्हाला काही सुचतंय?