दिनकरची पिशवी

बायकोला सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच. देवळात उभं राहून निदान देवाला तरी सांगावं म्हटलं, तर तिथंही जीभ उचलली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सेलूत मला ओळखणारे सगळे माझ्याबद्दल चांगलंच बोलतात — आणि तेच मला सोसत नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. वर्ध्याच्या कॉलेजात आम्ही तिघं जिवाभावाचे मित्र — मी सेलूच्या कापडदुकानदाराचा मुलगा, नीलकंठ नालवाडीचा आणि दिनकर अल्लीपूरचा, विधवा आईचा एकुलता एक. वर्ध्यात तेव्हा पायी चालण्याला फार मान होता. गावोगाव चालत जाणारी माणसं पाहून आमच्याही अंगात आलं. दिवाळीच्या सुट्टीत पायी चिखलदऱ्याला जायचं, तिथून मेळघाटात उतरायचं, डोंगरातली गावं बघायची!

नियम दिनकरनं काढला. आपलं ओझं आपण उचलायचं नाही, दुसऱ्याचं उचलायचं. म्हणजे दिनकरची पिशवी माझ्या पाठीवर, माझी नीलकंठच्या, नीलकंठची दिनकरच्या. असले नियम वर्ध्याच्याच हवेत सुचायचे. आम्हाला त्याचा काय गर्व होता म्हणून सांगू!

दिनकरची आई आम्हाला निरोप द्यायला वर्ध्याला आली होती. आमचा नियम ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. "काय येडे पोट्टे हाय!" म्हणाली. मग पिशवी माझ्या पाठीवर आहे म्हणून कोयनेलच्या गोळ्यांची डबी तिनं माझ्याच हातात ठेवली. "जपजो बापू. तिकडं थंडीताप लई हाय. कोणाले बी थंडी भरली तं लगेच देजो."

कोणाले बी, असं ती म्हणाली होती. या शब्दांवर मी किती वर्षं काढली आहेत, काय सांगू?

चिखलदऱ्यापर्यंत सगळी मजाच होती. थंड हवा, कड्यावरून खाली दिसणारं जंगल, दिनकरची न थांबणारी बडबड. मग आम्ही खाली उतरलो. सिपना नदी ओलांडली — पाणी कमरेइतकं होतं, पिशव्या आम्ही डोक्यावर धरल्या होत्या. हे लक्षात ठेवा. पिशव्या डोक्यावर होत्या.

पलीकडच्या गावात एका कोरकू घरानं आम्हाला जागा दिली, भाकरी दिली. त्या घरातला कर्ता माणूस तापानं फणफणलेला होता. घोंगडीखाली त्याचे दात वाजत होते. माझा थोरला भाऊ असाच गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत. ही सबब नाही. मी घाबरलो, एवढंच. सगळे बाहेर अंगणात बसलेले असताना मी दिनकरच्या पिशवीतली डबी काढली, एक गोळी गिळली आणि डबी माझ्या कोपरीच्या आतल्या खिशात टाकली. त्या तापलेल्या माणसाला गोळी द्यावी, हे मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक गिळली. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

आणि मग थंडी भरली ती दिनकरला.

नीलकंठ पिशवी उपसत होता. कपडे, सूतकताईची टकळी, सातूच्या पिठाचं गाठोडं — सगळं बाहेर निघालं. "काऊन रे, डबी दिसून नाई राह्यली! कुठं ठेवली तूनं?"

आता तुम्हीच सांगा — नाही, नका सांगू. डबी माझ्या छातीशी होती. खिशात हात घालायचा, एवढंच काम होतं. पण मग ती तिथं कशी आली, हे सांगावं लागलं असतं. आणि त्याहून खरं बोलायचं तर, उरलेल्या गोळ्या मला हव्या होत्या. मी म्हणालो, "नदीत भिजली. सगळा चिखल झाला होता, फेकून दिली."

दिनकर कुडकुडत होता, तरी हसला. "जाऊ दे बे," म्हणाला, "त्याच्यावर काऊन ओरडतो?"

गावकऱ्यांनी खाट बांधून दिली. खाटेचा एक कोपरा मी खांद्यावर घेतला तो बैलगाडी मिळेपर्यंत सोडला नाही. खांदा सोलून निघाला, रक्त आलं. कुणी बदली करायला आलं की मी अंगावर जायचो. नीलकंठनं हे पुढं घरोघर सांगितलं — मित्र असावा तर असा! खिशातली डबी चालताना बरगडीला लागत होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

परतवाड्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच थंडीला कोयनेल पोटात जायला हवं होतं. दिनकर तिथंच गेला.

मला ताप आला नाही. घरी आल्यावर उरलेल्या गोळ्याही मी फेकल्या नाहीत. रोज एक खाऊन संपवल्या.

त्यानंतर दर दिवाळीला मी अल्लीपूरला जात राहिलो. दिनकरची आई माझ्यासाठी करंज्या बाजूला काढून ठेवायची, माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "माह्या लेकाले तूनं खांद्यावर आणलं," म्हणायची. मी खायचो. घास अडकायचा नाही — खोटं कशाला बोलू?

शेवटच्या आजारात तिनं निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. तिच्या भावाची मुलं उशाशी होती, त्यांना तिनं बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, हिला कळलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

"बापू, एक सांगतो, कोणाले सांगजो नको," ती म्हणाली. "डबी म्या तशीच देल्ली. मेणकापडात गुंडाळाले पाह्यजे होती. घरात होतं बी मेणकापड. आळस केला. माह्याच हातानं गेला माहा पोरगा."

इतकी वर्षं ती हे घेऊन जगत होती. एकटी. आणि मला करंज्या वाढत होती.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "नाही काकू, तुमची चूक नाही. पाणीच फार होतं."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे अग्नी मी दिला.