नबीलालची गाडी, शंकरप्पाचं इंजिन

कोल्हापुरात उद्यमनगरात शंकरप्पा मगदूम आणि नबीलाल शिकलगार यांचा एकच गाळा होता. शंकरप्पा गडहिंग्लजकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि इंजिनाशी बोलताना दोन्ही. नबीलाल इथलाच, पिढीजात हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला. पण त्यानं धार सोडून पत्रा धरला होता. गाडीच्या आतलं शंकरप्पानं बघायचं आणि बाहेरचं नबीलालनं, अशी वाटणी. दोघं एका भाकरीत जेवायचे आणि दिवसातून दोनदा भांडायचे. गाळ्यावरच्या पाटीवर शंकरप्पाचं नाव आधी होतं, कारण पाटी रंगवताना नबीलाल आजारी होता.

त्र्याहत्तर साली गाळ्यासमोर एक जीप थांबली आणि सिनेमा कंपनीचे मॅनेजर गणपतराव खाली उतरले. त्यांच्या हातात इंग्रजी मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. लाल गाडी, बिनटपाची, दोन माणसांची, नाक जमिनीला लागेल इतकी बुटकी.

"आमचा हिरो परदेशातनं परत येतो आणि ह्या गाडीतनं गावात शिरतो," गणपतराव म्हणाले. "मुंबईत अशी एक गाडी हाय म्हणं, पण मालक बोट लावू देईना. आम्हाला दिसाय अशी पायजे आणि पळाय पायजे. हुईल?"

नबीलालनं चित्र उलटंसुलटं धरून बघितलं. "हुईल की," तो म्हणाला.

विचारलं दोघांना होतं. उत्तर एकट्यानं दिलं. शंकरप्पाच्या मनात पहिला खडा तिथं पडला.

एका वकिलाच्या परड्यात पडून असलेली जुनी हेरल्ड गाडी कंपनीनं आणून दिली. नबीलालनं तिची कातडी सोलून काढली आणि खाली उरलेल्या सांगाड्यावर सळ्या वाकवून नव्या गाडीची फासळी उभी केली. मग तो वाळूच्या थैलीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत बसला. हळूहळू पत्र्याला पोट आलं, खांदे आले, डोळ्यांच्या खोबण्या आल्या. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. कुणी चहा पाठवायचं, कुणी पानाचा विडा.

शंकरप्पाकडं कोण बघणार? तो गाडीखाली उताणा होता. बॉनेट इतकं बुटकं, की इंजिन त्यात मावेना. त्यानं इंजिन मागं सरकवलं, खाली उतरवलं, रेडिएटर आडवा कलवून बसवला, स्टिअरिंगचा दांडा कापून पुन्हा जोडला. म्हातारं इंजिन पळावं म्हणून त्याला एकाऐवजी दोन कार्बुरेटर लावले आणि ते दोन्ही एका श्वासात चालावेत म्हणून दिवसेंदिवस कान लावून बसला. काम संपलं तेव्हा त्याच्या पाठीचं सालपट निघालं होतं.

गाडी स्टुडिओच्या आवारात उभी राहिली त्या दिवशी सगळ्या पेठेचा माणूस लोटला. लाल रंग उन्हात असा पेटला होता की डोळे मिटावेत. लोक गाडीवरून हात फिरवत होते. गणपतरावांनी हार आणला होता. एकच. तो त्यांनी नबीलालच्या गळ्यात घातला. नबीलाल शंकरप्पाकडं बोट दाखवून काहीतरी बोलला, पण बँडवाल्यांनी नेमकं तेव्हाच सुरू केलं. बॉनेट कुणी उघडून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात गाडी होती, नबीलाल होता, आणि कडेला शंकरप्पाचं कोपर होतं.

तो पेपर घेऊन शंकरप्पा घरी गेला आणि बसम्मासमोर आपटला. बसम्मा भाकऱ्या थापत होती.

"बघ की! म्हैनाभर मातीत लोळलो, आणि माझं कोपर छापलंय!"

बसम्मानं मान वाकडी करून फोटो बघितला. "अय्य, तुमचं काम झाकणाखाली आणि त्येंचं झाकणच. लोकं झाकणच बघणार की."

"म्हंजे माझं काम फुकाचं?"

"मी कुठं म्हंटलं? पण गाडी आणून कुणी मला इंजिन दाखवलं तर मी तरी काय बघणार हाय?"

शंकरप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो न जेवता उठला.

शूटिंगला एक नवीनच प्रकार झाला. मुंबईहून आलेल्या हिरोला मोटार चालवता येत नव्हती. जवळून फोटो घेताना तो स्टिअरिंग धरून हसायचा आणि चारजण गाडी मागनं ढकलायचे. पन्हाळ्याच्या घाटात गाडी लांबून पळताना दाखवायची होती, तेव्हा हिरोचा कोट, काळा चष्मा आणि गळ्याचा रुमाल शंकरप्पाला चढवला. शंकरप्पानं गाडी अशी घेतली की वळणावर दगड उडाले. पिक्चर लागलं तेव्हा त्याच जागी शिट्ट्या पडल्या. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "वा रं हिरो!" शंकरप्पा पुढच्या बाकावर बसला होता. मागं वळून सांगावं असं त्याला फार वाटलं, पण सांगणार काय, आणि पटणार कुणाला.

पिक्चर चाललं. गाळ्यावर गिऱ्हाईकं यायला लागली ती "नबीलालचा गाळा कुठला?" विचारत. शंकरप्पा दारात उभा असला तरी त्यालाच विचारायची. तो आत बोट दाखवायचा. नबीलाल मोगरी हलवत गुणगुणायचा, आणि ते गुणगुणणं शंकरप्पाला मिरचीच्या धुरासारखं झोंबायचं. तो चहा वेगळा मागवायला लागला. जेवणाचा डबाही त्यानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेला. नबीलालनं एकदा विचारलं, "काय झालंय रं तुला?" शंकरप्पा म्हणाला, "पित्त." ते खोटंही नव्हतं.

मग कंपनीनं ठरवलं की पिक्चर तालुक्याच्या गावांना फिरवायचं आणि सोबत गाडी न्यायची. पहिलं गाव गारगोटी. गाडी शंकरप्पानं चालवायची, आणि शेजारी कर्णा घेऊन कंपनीचा पिराजी. पिराजीचं कामच ओरडायचं. घरी बायकोशीसुद्धा तो जाहिरात केल्यासारखा बोलायचा.

बिद्रीच्या पुढं रस्ता मोकळा लागला आणि शंकरप्पानं पाय दाबला. दोन्ही कार्बुरेटर एका सुरात गायला लागले. रानातली माणसं खुरपी टाकून बांधावर आली. शंकरप्पाला वाटलं, हे सगळं माझं आहे. हा आवाज माझा आहे. पत्रा काय, पत्रा तर डब्यालाही असतो.

गारगोटीत बाजाराचा दिवस होता. तंबूच्या टॉकीजचे मालक जोतीराम देसाई फेटा बांधून वाट बघत उभे होते. गाडीभोवती मुंग्यांसारखी माणसं जमली. पिराजीनं कर्णा तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "बनवणाऱ्याचं नाव काय लावू? नबीलालभाईंचं न्हवं?"

शंकरप्पानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. "शंकरप्पा मगदूम," तो म्हणाला. "एकट्यानं बनवली म्हणून सांग."

पिराजीला काय, नावाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं दणकावून सांगितलं. जोतीरामांनी स्वतःचा फेटा उतरवून शंकरप्पाच्या डोक्यावर ठेवला. नारळ आला. एका म्हातारीनं त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. पोरीबाळी "ह्योच तो" म्हणून दाखवायला लागल्या. शंकरप्पाला वाटलं, पोटातली आग कुणीतरी तांब्याभर ताक ओतून विझवली.

तेवढ्यात गावातला एक पैलवान फोटो काढायला म्हणून बॉनेटवर बसला.

पत्रा "डब" असा वाजला आणि बुट्टीसारखा आत गेला. पैलवान घाबरून उठला. गर्दी मागं सरकली. मग जोतीराम हसून म्हणाले, "अहो, घाबरताय कशाला पावणं? बनवणारा हितंच उभा हाय. मगदूम, ठोका की वर. हातोडा आणतो लोहाराकडनं."

हातोडा आला. शंभर डोळे त्याच्या हातावर होते. त्यानं बॉनेट उघडलं, आतनं एक ठोका दिला. जरा वर आलं. दुसरा दिला. तिसरा जोरात बसला आणि पत्र्याला पुरीसारखा फुगा आला. तो दाबायला बाहेरनं मारला, तर शेजारी दुसरा फुगा उठला आणि लाल रंगाची खपली खळकन खाली पडली. जितकं मारावं तितका पत्रा ताणत चालला. शेवटी बॉनेटला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"माझी हत्यारं न्हाईत हितं," शंकरप्पा म्हणाला. फेटा डोक्यावर जड झाला होता, पण काढावा कसा हे कळेना.

पिराजीनं पोस्टातनं कोल्हापूरला नबीलालला फोन लावला आणि कर्ण्यावरच्या नावासकट सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं नबीलाल आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात रंगाचा डबा. जोतीरामांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण? मगदूमांच्या हाताखालचं काय?"

पिराजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. नबीलालनं आधी बॉनेट बघितलं, मग शंकरप्पाच्या डोक्यावरचा फेटा बघितला.

"व्हय," तो म्हणाला. "हाताखालचाच."

आणि कामाला बसला. त्यानं फुगलेला पत्रा ब्लो लॅम्पनं तापवून लाल केला, ओल्या फडक्यानं दाबला, तापवला, दाबला. ताणलेला पत्रा अंग चोरून परत आपल्या जागी जात होता. खाली लाकडाचा ठोकळा धरून वरून मोगरीचे हलके ठोके. शंकरप्पा बाजूला मोठ्या माणसासारखा उभा होता, आणि त्याला भुईत गाडून घ्यावंसं वाटत होतं. नबीलालनं चारचौघांत त्याला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं. हा माणूस नाव असं देऊन टाकतो, जसा खिशातला सुटा विडा. त्याच्याकडं इतकं आहे, की दिलेलं जाणवतही नाही! शंकरप्पाला कालपर्यंत त्याच्या हाराचा हेवा वाटत होता. आता त्याच्या मनाचा वाटायला लागला, आणि हा जास्त कडू होता.

खेळ संपवून दोघं गाडीतनं परत निघाले. पिराजी एस.टी.नं पुढं गेला होता. मुदाळचा तिठा मागं पडला.

"का बोललास तसं?" शेवटी शंकरप्पानं विचारलं.

"कसं?"

"हाताखालचा म्हणून."

"कर्ण्यावर नाव निघालतं तुझं. ते पुसून गाडी सुधारणार हुती व्हय?" नबीलाल रस्त्याकडं बघत म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "पण राग आलाय मला! लई आलाय. रातभर घरात बायकूला, मदिनाला, शिव्या ऐकवल्या तुझ्या नावानं. हार घातला त्या दिवशी मी सांगत हुतो गणपतरावांला, इंजिन ह्येचं हाय म्हणून. बँडात ऐकलं न्हाई कुणी. तू तरी विचारायचंस की मला!"

शंकरप्पानं गिअर बदलला.

"आणि तुला काय कमी हाय रं?" नबीलाल थांबेना. "ही गाडी मी ठोकली, आणि चालवतोस तू. मला चालवाय येत न्हाय, ठाव हाय न्हवं तुला? पिक्चर तीनदा बघितलं मी. घाटातलं ते वळण आलं की सगळी शिट्ट्या मारत्यात. हिरोच्या कोटात तू हायस हे सगळ्या टॉकीजात मला एकट्याला ठाव. वाटतं, ह्या भाड्यानं आपल्या गाडीत बसून काय मजा मारली!"

शंकरप्पानं गाडी कडेला घेतली. त्याला हसू यावं की रडू, कळेना. इतके महिने तो एकटाच जळत होता असं त्याला वाटत होतं. शेजारच्या बाकावर दुसरीही चूल पेटलेली होती.

"मग ये की हिकडं," तो म्हणाला. "बस हितं. पाय हितं ठेव."

गाडी देखभालीसाठी गाळ्यावरच असायची, आणि पुढचे काही रविवार कसबा बावड्याच्या कारखान्याच्या रस्त्यावर शंकरप्पा नबीलालला तीच शिकवत होता. नबीलालचा हात जितका पत्र्यावर गोड, तितका स्टिअरिंगवर आंधळा. गिअर असे ओरडायचे की झाडावरची पाखरं उडावीत. एकदा त्यानं उसाच्या गाडीला मागनं धडक दिली आणि आपणच केलेला मडगार्ड आपणच पुन्हा ठोकत बसला. शंकरप्पा त्या दिवसांत कमालीचा खुशीत असायचा. तो हे बसम्मापासून लपवतही नव्हता. "आज परत बंद पाडली!" घरी आल्या आल्या तो सांगायचा, आणि दोन भाकरी जास्त खायचा.

हेवा गेला असं मात्र कुणी समजू नये. सत्त्याहत्तर साली मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं नबीलालला बोलावून घेतलं. तिथं हिंदी पिक्चरसाठी परदेशी गाड्यांच्या नकला करायच्या होत्या. कंपनीला पत्रेवाला पाहिजे होता, इंजिनवाला त्यांच्याकडं होता. नबीलाल म्हणाला, "तूबी चल, मी बोलतो त्यांच्याशी." शंकरप्पा म्हणाला, "मी काय कुणाच्या वशिल्यानं येणार न्हाय." नबीलालनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित तो गेला असता. एस.टी. स्टँडवर पोचवायला मात्र तो गेला, आणि नबीलालची हत्यारांची पिशवी टपावर त्यानंच चढवली.

गाळा मग शंकरप्पानं एकट्यानं चालवला आणि चांगला चालवला. ट्रॅक्टर आले, उसाचे ट्रक आले, सगळ्या तालुक्यातनं आले. पत्र्याच्या कामाला त्यानं दोन माणसं ठेवली, पण त्यांच्या कामावर तो कधी खूश झाला नाही.

हिंदी पिक्चरमध्ये नवी गाडी आली असं कळलं की तो बसम्माला घेऊन लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजात बघायला जायचा. नाच आला की डुलक्या काढायचा आणि गाडी आली की ताठ बसायचा. पत्र्याची वळणं बघून त्याला कळायचं, ही नबीची, ही दुसऱ्या कुणाची. नबीची असली की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला अशीच एक पांढरी गाडी पडद्यावर आली. दारं पाखराच्या पंखासारखी वर उघडायची. टॉकीजात आनंदाचा चीत्कार उठला.

बसम्मा म्हणाली, "काय देखणी हाय हो! नबीभावजींचीच असणार."

"त्येचीच," शंकरप्पा दात आवळून म्हणाला. मग गाडी चढाला लागली तसा तो खुर्चीत पुढं सरकला, मान कलती करून पडद्याकडं कान लावला आणि एकदम खूश होऊन बायकोला कोपरानं ढोसलं.

"बघ, बघ! चढाला मिसिंग करतीय. धूर बघ मागचा. इंजिन कुणा येड्यानं बसवलंय देव जाणे!"

"हळू बोला की, लोकं बघत्यात."

"बघू देत," शंकरप्पा म्हणाला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळला. "पावणं, इंजिन लागतं गाडीला. ध्येनात ठेवा."

शेजारच्यानं त्याला गप्प बसायला सांगितलं.