काठोकाठ भरलेली टाकी

माझ्या लहान बहिणीच्या नवऱ्याचं कारंज्यात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. पार मानोऱ्याकडचे शेतकरी त्याच्याकडून मोटार नेतात, आणि वर त्याचं व्याख्यानही ऐकून घेतात. अक्कल काही दुकानात मिळत नाही. मिळत असती तरी या माणसानं स्वतःची गिऱ्हाइकाला विकून टाकली असती.

नवं घर बांधल्यावर त्यानं बैठकीत माशांची टाकी बसवली. टाकी कसली, हौदच तो! वरच्या काचेच्या टाकीतलं पाणी एका कोपऱ्यातून पाइपानं खालच्या कपाटातल्या टाकीत पडायचं, आणि तिथून छोटी मोटार ते पुन्हा वर चढवायची. पाहुणा आला की त्याला आधी मासे, मग चहा. गावात नळ कधी येतील याचा भरवसा नाही, बाया हंडे मांडून बसतात, आणि हा गृहस्थ वाहत्या पाण्यातले मासे दाखवत फिरतो. मेली ती हौस!

मग फरशीवर पाणी यायला लागलं. रोज नाही, अधूनमधून. कपाटापुढे डबकं दिसायचं. एका दुपारी बहिणीची सासू त्यावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. घरात निकाल लगेच लागला: सुनेनं फरशी ओली ठेवली.

मी भेटायला गेले, तर बहीण दार उघडायला आली तीच हातात फडकं घेऊन. कोरडी फरशी पुसत होती.

"ताई, मले वाटते मी पुसली होती त्या दिवशी," ती म्हणाली. "पण आता मलेच आठोत नाही. सारेच म्हणतात तर मीच ठेवली असन ओली."

लग्नाआधी आमच्या घरी चुलीवरचं दूध उतू गेलं तर ते माझ्याकडून, तिच्याकडून कधीच नाही. ती पोर आता आपल्याच हातांवर विश्वास ठेवत नव्हती. मला रडू नाही आलं, संताप आला.

जावई दुकानातून जेवायला आला. "काय सांगू ताई, सारं करून पाह्यलं," म्हणत सुरूच झाला. पाणी पडायचा पाइप खोलून झाला, एल्बो बदलून झाला, जोडांना सोल्युशन चोपडून झालं, कोपऱ्यातली जाळी घासून झाली.

"पाइपात काहीच अडकलं नाही. मंग पाणी येते कुठून? हिच्याच हातानं सांडते."

घास घेता घेता बोलला. बायको समोर उभी राहून त्याला भाजी वाढत होती. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी कपाट उघडलं. खालची टाकी काठोकाठ भरलेली, बोट बुडवलं तर सांडेल अशी.

"हे इतकं कोणं भरलं?"

"मीच सांगतलं भराले. जराक कमी दिसलं का ही लगेच भरून ठेवते. रिकामं भांडं ठेवू काय घरात?"

यात तो एकटा नाही, हे खरं. आमच्याकडे नळ आले की माणूस हंडा, बादली, पातेलं, तांब्यासुद्धा काठोकाठ भरतो. एखादं भांडं अर्धं राहिलं तर सासू विचारते, "काहून व, नळ तुह्या बापाचे हायेत काय?" पण आमच्या हंड्याच्या डोक्यावर दुसरी टाकी नसते.

"जवाईबापू," मी म्हटलं, "लाईन गेली का काय होते?"

"मोटार बंद होते."

"अन् वरचं पाणी?"

तो हसला. "वरचं वरच राह्यते न, ताई."

वा रे शहाण्या! मोटार बंद झाल्यावर पाइपातलं पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून खाली फुटवॉल लावतात. हा ती रोज विकतो. आमच्या विहिरीतली त्याच्याच दुकानातली आहे.

मी जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला, मोटार थांबली. मोटारीचा पाइप त्यानं वरच्या टाकीत पार तळापर्यंत सोडला होता, का तर मासे खाली बुडबुड्यांत खेळतात. त्याच पाइपानं पाणी उलटं उतरू लागलं. खाली जागा कुठं होती? पाणी काठावरून निघालं, कपाटाच्या दाराखालून आलं आणि त्याच्या खुर्चीपर्यंत पोचलं. मी वरचा पाइप पाण्याबाहेर ओढला, तेव्हा उतरणं थांबलं. स्विच पुन्हा चालू केला, मोटारीनं पाणी वर ओढलं, आणि खालची टाकी थोडी कमी दिसू लागली. म्हणजे आता हा पुन्हा भरायला सांगणार, आणि लाईन गेली की पुन्हा फरशी ओली.

"खालची अर्धीच ठेवा," मी म्हटलं, "अन् पाइपाचं तोंड पाण्याच्या वरच्या अंगाले बांधा."

"बसवणाऱ्यानं सांगाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. लाज म्हणून नाही! पाय वर घेतले आणि बायकोला म्हणाला, "पाहून काय राह्यली? फडकं आण."

फडकं तिनं आधीच हातात घेतलं होतं. ती त्या पाण्याकडे पाहत होती.

"म्हंजे मी पुसली होती," ती हळूच म्हणाली. मग सासूच्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आई, मी फरशी पुसली होती!"

आतून आवाज आला, "आयकलं व माय. इकडं ये."

बहिणीनं फडकं नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं आणि आत गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही हलले नाही. शेवटी तो खाली बसला, आणि त्याला ते धड पिळताही येत नव्हतं.