मोरीतलं पान हललं

आमच्या घरात जवळजवळ दोन वर्षं 'हललं' या शब्दाला बंदी होती.

घरातच काय, अख्ख्या गल्लीत होती. भूकंपानंतर लातूरकरांच्या कानावर हा शब्द पडला की पाय आधी बाहेर पडायचे आणि डोकं मागून यायचं. म्हणून पोरांचे दात हलत नसत, 'ढिले' होत. टेबल हलायचं नाही, 'लंगडायचं'. समोरचे रज्जाकचाचा, आमच्या गल्लीचे टेलर, माप घेताना गिऱ्हाइकाला "हिलो नक्को" म्हणायचे. तेसुद्धा त्यांनी सोडलं आणि "पुतले के सरीका खडे रहो मियाँ" असं लांबलचक म्हणायला लागले.

बंदी घातली होती माझ्या आईनं. तिचं माहेर औशाच्या पुढचं. एका पहाटे त्या गावाचा मातीचा ढीग झाला. मामा वाचले, मामी वाचली नाही. त्या दिवसापासून आई स्लॅबखाली झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं आणि तिथं तिची बाज पडली. उन्हाळ्यात पत्रा भाजायचा, पावसात कान फोडायचा. पण आईचं म्हणणं पक्कं होतं. "पत्रा पडला तर खोक पडंल. स्लॅब पडला तर उचलायला काय ऱ्हाणार न्हाई."

मीही शेडमध्येच झोपायचो, आईला सोबत म्हणून. (असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी तिच्यापेक्षा जास्त भ्यायलो होतो. रस्त्यानं ट्रक गेला तरी मी अंथरुणात उठून बसायचो. पण चांगल्या मिशा असलेल्या शाळामास्तरानं हे सांगायचं कुणाला? आईची भीती माझ्या फार सोयीची होती.)

घरात माझी बायको सुनीता खुशाल घोरायची, आणि वरच्या खोलीत बारावीची तीन पोरं भाड्यानं राहायची. तेव्हा क्लासची नुकतीच भरभराट सुरू झाली होती. रेणापूरपासून मुदखेडपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरत होती. घरमालक भूकंपाच्या भीतीनं अंगणात आणि भाडेकरू बारावीच्या भीतीनं घरात! मी एकदा पोरांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत रे?"

"वाटती की सर. फिजिक्सची."

मी शिकवायचो मराठी. फिजिक्सच्या सरांच्या दारात सायकली मावत नव्हत्या, पण मराठीचा क्लास लावायला कोण येणार? त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर होता, आणि रिकामा मास्तर शेवटी कविताच करणार. नांदेडच्या एका कविसंमेलनात मी समुद्रावरची कविता वाचली. अध्यक्षांनी थांबवून विचारलं, "समुद्र पाहिलाय का आपण?"

"नाही. विष्णुपुरीचं धरण पाहिलंय."

सभागृह हसलं. अध्यक्ष मात्र गंभीरपणे म्हणाले, "निसर्ग लांब नसतो. घरात ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, त्याच्याकडे बघत जा."

घरी येऊन मी हा उपदेश सुनीताला ऐकवला. ती म्हणाली, "मग माझ्याकडं बघा."

मी मोरीकडे बघायला लागलो.

आणि खरंच, मोरीत काय नव्हतं! हौदाच्या कडेला मखमली शेवाळ होतं. नळाच्या मागे बारीक पायांचा कोळी होता. आणि भूकंपात भिंतीला जी भेग पडली होती, तिच्यात एक पिंपळाचं रोपटं उगवलं होतं. बोटभर उंची, तांब्याच्या रंगाची दोन पानं. मी रोज उपड्या बादलीवर बसून त्याच्याकडे टक लावून बघायचो. बाहेरून सुनीता विचारायची, "एवढं काय बघून राहिलात? तुंबली का?"

पाडवा आला. चार महिने विनवण्या करून सुनीतानं आईला वळवलं होतं. पाडव्याच्या मुहूर्तावर आई घरात झोपणार होती. रात्री एकदम नाही. "आधी दुपारचं पडून बघती," आई म्हणाली. गुढी उभारली, नैवेद्य झाला, आणि आईनं देवाला हात जोडून मधल्या खोलीत उंबऱ्याला लागून सतरंजी अंथरली. उशाला चपला ठेवल्या. पदराचं टोक मुठीत धरून ती छताकडे बघत राहिली.

मला ते बघवेना. एक तर तिची काळजी, आणि दुसरं, आई आत झोपली तर आज रात्री मलाही आत झोपावं लागणार! मन रमवायला मी मोरीत जाऊन बादलीवर बसलो.

तेवढ्यात नळाचा एक थेंब उडून पिंपळाच्या पानावर पडला. पान वाकलं, थेंब निसटला, आणि पान असं काही थरथरलं की माझ्या अंगावर काटा आला. कविता सुचली! आता मला कविता सुचते ती मोठ्यानं सुचते. आणि आमच्या मोरीत आवाज असा घुमतो की साध्या खोकल्याचीसुद्धा तोफ होते.

"हललं!" मी गरजलो. "हललं! हललं!"

पुढची ओळ सुचेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती. म्हणजे घरं रिकामी झाली होती, गल्ली भरली होती. ज्या आईला गुडघ्यांमुळे उठताना दोन माणसं लागायची, ती सगळ्यांच्या आधी रस्त्यावर होती. तिच्यामागे हातात उलथनं घेऊन सुनीता. वरची पोरं जिना टाळून कठड्यावरून उतरली. रज्जाकचाचांच्या दुकानातून एक गिऱ्हाईक निघालं, त्याचा एक पाय नव्या पँटीत होता आणि दुसरा कशातच नव्हता!

आणि मी? मला मोरीत बाहेरचा आरडाओरडा ऐकू आला, "हललं! पळा!" माझं काळीजच फाटलं. ती आरोळी माझीच फिरून आली होती हे डोक्यातसुद्धा आलं नाही. बादलीला ठेचकाळत मी असा धावलो की आईला मागे टाकून थेट चौकात थांबलो. (सोबत म्हणून तिच्याजवळ झोपणारा मुलगा तो हाच.)

"कितना जोर का था!" रज्जाकचाचा छातीवर हात ठेवून म्हणाले. "मेरी मशीन अपने आप चलने लगी!"

"आमचा पंखा लई गदगदला," एक पोरगा म्हणाला.

"पण आधी वराडलं कोण?" सुनीतानं विचारलं.

"सरांच्या मोरीतून आवाज आला," दुसरा पोरगा म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी गप्प बसणार होतो. पंखा गदगदला म्हणणारा साक्षीदार मिळालाच होता. पण आई मातीतच बसली होती. ती म्हणाली, "बाज शेडमधीच ऱ्हाऊ दे. मी आता त्या घरात पाय ठेवत न्हाई. मरस्तवर न्हाई."

मला रडूच आलं. "आई, भूकंप नव्हता गं," मी म्हणालो. "कविता होती."



"म्हण," आई म्हणाली.

"काय?"

"कविता. म्हण."

आणि मी भर रस्त्यात, एकाच पायात पँट असलेल्या त्या गिऱ्हाइकासमोर उभा राहून म्हटली:

हललं, हललं, हललं,
मोरीतलं पान हललं.
वारा नाही, वादळ नाही,
एका थेंबानं हललं.
भेग पडली त्या भिंतीत
कुणी हे बीज पेरलं?

पुढचं कडवं झालेलं नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई मात्र उठली, तडक मोरीत गेली आणि वाकून त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिचे खांदे गदगदू लागले. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती! मामी गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"ह्या एवढ्याशा पानासाठी बोंबललास व्हय रं? आरं, पिंपळ हाय ह्यो! ठिवलास तर भिंत फोडंल. भूकंपानं पाडली न्हाई ती भिंत तुझी कविता पाडंल!"

पिंपळ आपल्या हातानं उपटू नये, म्हणून रज्जाकचाचांना बोलावलं. त्यांनी कात्रीच्या टोकानं मूळ अलगद सोडवलं आणि रोपटं डालड्याच्या डब्यात लावून आपल्या दुकानापुढे ठेवलं. त्या रात्री बाज आत घेऊन आई घरात झोपली. मधूनच तिला हसू फुटायचं.

काही महिन्यांनी एका भर दुपारी कपाटातली भांडी खरोखर किणकिणली. पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. मी जिवाच्या आकांतानं रस्त्यावर धावलो आणि ओरडलो, "हललं! हललं!"

एक माणूस बाहेर आला नाही.

"इर्शाद!" दुकानातून रज्जाकचाचा मुशायऱ्यात बसल्यासारखे ओरडले.

"सर, दुसरं कडवं संध्याकाळी!" वरून पोरं ओरडली.

मी एकटाच उन्हात थरथरत उभा होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात सौम्य धक्क्याची बातमी आली, तेव्हा मी ती आईपुढे आपटली. "बघ! खरा होता!"

"म्हायती हाय," आई सुपारी कातरत म्हणाली. "माझी बाज हलली की."

तिनं तो शब्द उच्चारला, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग बाहेर का नाही आलीस?"

"म्हणलं, घरात काय हुईल ते हुईल. भाईर गेलं तर तुझी कविता ऐकावी लागंल."

तेव्हापासून आई स्लॅबखाली गाढ झोपते. अंगणातल्या शेडमध्ये आता मी एकटाच असतो. कुणी विचारलंच, तर मी सांगतो की मोकळ्या हवेत कविता छान सुचतात. गल्लीत सगळ्यांना ते पटलं आहे. फक्त सुनीता अधूनमधून विचारते, की मग पाडव्यापासून एकही का सुचली नाही?