निंबाखालची सोबत

सुमन गेल्यावर मी देवापुढे हात जोडणं सोडून दिलं. कॉलेजात जाणारी आमची एकुलती एक मुलगी काविळीचं निमित्त होऊन गेली. तिच्या आजारपणात जे मागायचं ते सगळं मागून झालं होतं. आता देवाला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

अस्थी घेऊन मी आणि हे मनमाडहून एस.टी.नं निघालो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गाडी विंचूरच्या पुढे बंद पडली आणि नाशिकला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. रामकुंडावरच्या गुरुजींनी सकाळी यायला सांगितलं. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि असतं तरी अस्थी घेऊन कुणाच्या दारात जायचं? शेवटी आग्रा रोडवरच्या एका जुनाट लॉजवर गेलो. भिंतींचे पोपडे सुटलेले, जिन्यात ओल. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण यांच्या हातातलं फडक्यानं बांधलेलं मडकं पाहून तो अवघडला. हे खोलीत नेता येणार नाही, मागच्या अंगणातल्या निंबाला बांधा, म्हणाला.

यांनी ते फांदीला बांधलं आणि खोलीत जाऊन हे भिंतीकडे तोंड करून पडले. मी निंबाखालीच बसले. सुमनला अंधाराची फार भीती वाटायची. रस्त्यावरून ट्रक जायचे, त्यांचा उजेड फांदीवरून सरकायचा आणि पुन्हा काळोख व्हायचा. उद्या कुंडात उतरायचं आणि आपणही वर यायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई बाहेर आली. निफाडकडची, वयानं माझ्याहून मोठी. तिचा नवरा सरकारी दवाखान्यात होता. पुरुषांच्या वॉर्डात तिला रात्री थांबू देत नव्हते, म्हणून ती इथे उतरलेली. मी का बसले आहे ते तिनं विचारलं. मी कसंबसं सांगितलं. ती माझ्याजवळ टेकली.

"तुमी जा, पडा जरा. मला तशीबी झोप नाय. पोरीपाशी मी बसते. नाव काय तिचं?"

मुलगी गेल्यापासून तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. "सुमन," म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मग खोलीत गेले ती थेट पहाटे जागी झाले.

बाहेर येऊन पाहते तर ती तिथेच बसलेली, डोक्यावरून पदर घेऊन. "लय बोलले तिच्यासंगं," एवढंच म्हणाली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं मला सावरलं. "माझ्या मालकांसाठी मागा तेवढं. माझं मागून झालं सगळं."

माझेच शब्द होते ते. मी ते कुणापाशी बोलले नव्हते.

आम्ही रामकुंडावर गेलो. यांनी अस्थी पाण्यात सोडल्या आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच ते मोठ्यानं रडले. मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. मनात ठरवलेलं विसरले नव्हते. पण त्या बाईचं काम अंगावर होतं. हात आपोआप जोडले गेले. स्वतःसाठी काही मागवेना. त्या अनोळखी माणसाला बरं कर, एवढंच म्हणाले आणि काठावर आले.

दुःख हललं नाही, आजही नाही. पण त्या रात्री माझं ओझं कुणीतरी धरलं, आणि धरणारा कोण हे मी विचारत बसत नाही. तिचा नवरा वाचला की नाही, मला कधीच कळलं नाही. मी अजून मागते.